तालुका विधी सेवा समितीचा मोफत सल्ला : शाळेने मुलाला घरी बसवले तेव्हाचा अनुभव

दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात असताना सातवीतल्या माझ्या मुलाला शाळेने पंधरा दिवस घरी बसवले. मारामारी केली एवढेच तोंडी सांगितले गेले, आणि "त्यापेक्षा दाखलाच काढून न्या," असेही सुनावले गेले. रागाच्या भरात मी मुलावर हात उगारला आणि दुसऱ्या दिवशी चार माणसे घेऊन शाळेत जाण्याचे ठरवले. परंतु गावातील अंगणवाडीताईंनी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असल्याचे सांगितले, म्हणून सकाळच्या एसटीने मुलासह तिकडे गेलो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे मला तिथे कळले. वकीलबाईंनी माझे गाऱ्हाणे मध्येच थांबवून मुलापुढे कोरा कागद ठेवला आणि घडले ते तुझ्या शब्दांत लिही, असे सांगितले. बराच वेळ पेन नुसता धरून बसल्यावर त्याने लिहिले, "म्या पयले नाई मारलं. त्यानं माहं दप्तर नालीत फेकलं." पुढच्या ओळीत स्वतः पट्टीने मारल्याचेही त्याने लिहिले होते. घरी मी त्याला यातले काहीच विचारले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, तेव्हा दाखल्याच्या अर्जावर सही करू नका, हे बाईंनी दोनदा बजावले. मग त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून दिला. त्यात मुलाची चूक मान्य करून, घरी बसवण्याचे कारण व मुदत लेखी द्यावी, पालकांचे म्हणणे ऐकावे आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय करावी, एवढेच मागितले होते. अर्ज दोन प्रतींत नेऊन एकीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि उत्तर न आल्यास पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, असेही सांगितले. चौथ्या दिवशी शाळेने दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवले व सहाव्या दिवशी मुलगा वर्गात गेला.

उणीव मात्र मोठी आहे. स्वतंत्र खोली नसल्याने सारे बोलणे व्हरांड्यात झाले; तारखेला आलेले लोक ऐकत होते आणि मुलगा मान खाली घालून बसला होता. अशा मुलांसाठी आडोशाची जागा आणि समुपदेशक असायलाच हवा. वकील रोज भेटत नाहीत, म्हणून आधी चौकशी करून जावे. १५१०० या क्रमांकावर फोनवरूनही सल्ला मिळतो. जाताना मुलाला सोबत न्यावे, आणि तो लिहीत असताना आपण त्याच्या कागदात डोकावू नये.