माउंट ‘पक्के’ करतो म्हणाला, 38,500 घेतले आणि लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून दिली

यवतमाळ जिल्ह्यात जुनी स्पोर्ट्स गाडी सांभाळणारी माणसं मोजकीच. त्यांनी हे वाचाच, कारण खाली काळं कोटिंग मारून परत आलेल्या गाडीत काय दडलेलं असतं ते मी पैसे मोजून पाहिलंय.

माझ्याकडे मित्सुबिशीची सेडिया आहे. एकेकाळी देशातल्या रॅल्या हीच गाडी गाजवायची, म्हणून हौसेनं घेतली. आधीच्या मालकानं पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, जाड टाकला होता. वळणावर गाडी झुकत नाही, चालवायला मजा येते. पण 20 मिलिमीटरच्या भरीव बारच्या जागी 24 चा आला की ताठरता दुपटीवर जाते, आणि तो जोर बार जिथं बोल्टनं धरलेला असतो त्या सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या चौकटीच्या) पत्र्यावर येतो. त्यात आमचे गिट्टी उखडलेले रस्ते. डाव्या बाजूचा माउंट, म्हणजे बार धरणारी ती जागा, फाटला, आत वेल्ड केलेलं नट पत्र्यासकट सुटायला आलं. खड्डा आला की कट-कट.

गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बोलायला गोड. म्हणाला, “सबफ्रेम उतरवू, तीन एमएमची प्लेट मारू, दोन्ही बाजू पक्क्या करू. भाऊ, गाडी सडून जाईन पण हा माउंट नाई हालनार.” सबफ्रेम उतरवणं-चढवणं 9,000, प्लेट आणि वेल्डिंग 14,500, बारचे रबरी बुश आणि जोडदांड्या (लिंक) 8,200, अलाइनमेंट 1,800, कोटिंग 5,000. एकूण 38,500. त्यातले 11,000 आधी फोनवरून पाठवले, उरलेले 27,500 गाडी घेताना रोख दिले. कापसाचे पैसे होते ते.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा ती रॅम्पवरच होती. मी खाली वाकून पाहिलं. माउंटवर चकचकीत काळं कोटिंग, आणि शेजारी सबफ्रेमच्या मोठ्या बोल्टांवर आमच्या वावरातली काळी माती वाळून तशीच चिकटलेली. तशीच! इंजिनाला वरून टेकू देऊन, स्टिअरिंगचा जोड सोडून, हे बोल्ट काढल्याशिवाय सबफ्रेम खाली येतच नाही. पाना लागला असता तर माती राहिली असती का? मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “टेस्ट मारली ना भाऊ, रस्त्याची हाय.” आत बसलो तर डॅशबोर्डवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीचं टर्मिनल काढतात, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) उडायची भीती असते. टर्मिनल काढलं की घड्याळाची वेळ जाते. हे मला नंतर नागपूरच्या मिस्त्रीनं सांगितलं. मी शेती करतो, गॅरेज चालवत नाही. डॉक्टरनं ऑपरेशन झालं म्हटल्यावर आपण आतले टाके मोजत नाही.

पुसदकडच्या घाटात बार सुटला. वळणावर गाडी एकदम एका अंगावर गेली. बाजूला बायको, मागे पोरगी. पुढचं लिहीत नाही.

नागपूरच्या मिस्त्रीनं कोटिंग खरवडलं तर खाली बोटभर लांबी! वेल्डिंगचा एक ठिपका नाही. आठ हजार दोनशेत धरलेले बुशही जुनेच, नुसते पुसलेले. त्यानं काम कसं केलं ते पाहून ठेवा: पत्रा चमकेपर्यंत घासला, भेग पुढे जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडलं, मग वेल्ड, वरून कोपरे गोल केलेली प्लेट, शेवटी प्रायमर. प्रत्येक टप्प्याचा फोटो मला पाठवला. रंग मारण्याआधीचा फोटो नसेल तर रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात काय झालं ते ऐका. “हे तं दिवाणी मॅटर हाय, ग्राहक कोर्टात जा.” वर मलाच विचारलं, पक्कं बिल कुठंय? बिल साध्या कागदावर, कारण जीएसटी धरून 6,930 जास्त सांगितले होते. ते वाचवायची इच्छा कोणाला नसते? पण फोनवरून गेलेले 11,000 दिसतात ना! जुने बुश दाखवले, खरवडलेल्या लांबीचे तुकडे टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले, टेबल खराब होतंय. साहेब बंदोबस्तात, साहेब जेवायला गेले, अर्जाची पोच उद्या घ्या. घाटात माझी पोरगी मेली असती तर घेतला असता का गुन्हा? न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक नाही, तर काय आहे?

ठाणं तक्रार घेत नसेल तर टपालानं थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. हेल्पलाइन 1915. काढलेले जुने पार्ट गॅरेजात सोडू नका, पोत्यात भरून घरी आणा.

आणि आमच्या भागातल्या ज्यांच्या गाडीखाली असं ताजं काळं कोटिंग आहे, त्यांनी आजच चुंबक घेऊन खाली शिरा. माउंटवर चुंबक धरत नसेल तर ती गाडी घाटात नेऊ नका.