लॅमिंग्टन रोडचे वाइंडिंगवाले काका: रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरून घेतला त्याचा अनुभव

आधीच सांगते, ट्रान्सफॉर्मरची तार नव्याने गुंडाळून (म्हणजे भरून) देणाऱ्या या काकांच्या दुकानाला पाटी नाहीये. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, लॅमिंग्टन रोड पकडायचा (खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते फक्त पत्त्यात लिहायला), सीसीटीव्ही आणि चार्जरवाल्यांच्या गर्दीतून आत वळून एका जुन्या बिल्डिंगचा लाकडी जिना चढायचा. वर वार्निशचा वास जिथून येतो तिकडे जायचं. फोन नंबर देत नाही, काकाच नको म्हणालेत.

तर आमच्याकडे बाबांचा व्हॉल्व्ह (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ होता, माळ्यावर पडून. काढला, पुसला, चालू केला तर डायलचा दिवा लागला, व्हॉल्व्ह पेटले, पण आवाज शून्य, आणि शेवटच्या ईएल ८४ व्हॉल्व्हच्या आत एक जाळी लालबुंद. मी येडी खूश, म्हटलं वा काय मस्त पेटलाय. नंतर कळलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची तार, तुटली की व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटला सप्लाय पोचत नाही आणि सगळा करंट स्क्रीन ग्रिड नावाच्या जाळीवर येतो, म्हणून ती लाल होते. असं दिसलं तर पहिलं बटण बंद करा. माझा व्हॉल्व्ह गेला त्यात.

नवरा म्हणाला आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसव. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग घराजवळच्या एकाकडे ट्रान्सफॉर्मर दिला, त्याने ९०० रुपयांत भरून दिला, जुनी तार पण पिशवीत घालून दिली, केसासारखी बारीक आणि मधेमधे हिरवी पडलेली. मुंबईची दमट हवा आणि त्यात तारेवर कायम अडीचशे व्होल्ट डीसी, तांबं आतल्या आत खाल्लं जातं म्हणे. नवा व्हॉल्व्ह आणला, सगळं जोडलं, आवाज आला! पण कसला आवाज, एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट परवडली. तबला वाजतोय की कोणी डबा बडवतंय कळेना, आणि आवाज वाढवला की फाटायचा. त्या माणसाला विचारलं तर म्हणे जुना स्पीकर आहे ताई, एवढंच येणार.

इथे काकांची एन्ट्री. ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कडेने नुसतं बघितलं आणि म्हणाले, "हा तर मेनचा भरलाय." मला काय कळणार! मग त्यांनी समजावलं, आणि हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मेनच्या, म्हणजे घरातल्या साध्या एलिमिनेटरच्या (बॅटरीऐवजी लावतात तो) ट्रान्सफॉर्मरमधे ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या (ते स्टॅम्पिंग म्हणतात) एक इकडून एक तिकडून अशा आलटूनपालटून घालतात. पण आमच्या रेडिओत शेवटी एकच व्हॉल्व्ह आहे, त्याचा ४०-५० मिलिअँपिअर डीसी कायम एकाच दिशेने प्रायमरीतून वाहतो, त्यामुळे लोखंड चुंबकत्वाने आधीच भरून जातं, वरून गाण्याचा सिग्नल आला की त्याला जागाच उरत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागदाची पट्टी, म्हणजे गॅप. आधीच्याने ती पट्टी कचरा समजून फेकली असणार. दोन व्हॉल्व्हवाल्या पुशपुलला ही भानगड नाही, तिथे डीसी दोन्ही बाजूंनी सारखा येऊन कटतो.

नुसतं बोलून थांबले नाहीत, तो रेडिओ घेऊन या म्हणाले. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून नेला. सीआरओवर (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) १०० हर्ट्झ लावून दाखवलं, लाट एका बाजूने गोल आणि दुसरीकडून इस्त्री फिरवल्यासारखी चपटी.

टेस्टिंग बघायला मजा आली. सिरीज बोर्डवर बल्ब लावून आधी शॉर्ट बघितला, मग डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र) प्रायमरीला ५० व्होल्ट दिले, सेकंडरीला (स्पीकरकडच्या तारेला) १.३८ आले. म्हणजे रेशो साधारण ३६, त्याचा वर्ग गुणिले ४ ओमचा स्पीकर, झाले ५,२०० ओमच्या आसपास, ईएल ८४ ला तेवढंच लागतं. मग हाताने फिरवायचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणला, ५०० व्होल्टचा, वाइंडिंग आणि कोअरच्या मधे लावला तर काटा २ मेगओमवर, म्हणजे कमीच. काका नुसते हं म्हणाले. पुढे, "गॅप टाकून देतो, वाजेल. पण पावसाळा काढणार नाही, लेयरमधे कागदच नाही घातलेला." मी म्हटलं मग परत भरा.

उकलताना हँडलच्या मशीनवर टर्न मोजले, प्रायमरी २,९०० आणि सेकंडरी ८०. मोजणी त्या माणसाची बरोबर होती, मान्य करायला हवं. नवीन भरताना ४० गेजची तार, दर थराला पातळ कागद, आणि सेकंडरी प्रायमरीच्या दोन भागांच्या मधे, वरच्या पट्टीचा आवाज मोकळा येतो म्हणे. वार्निशमधे बुडवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात १०० वॅटच्या बल्बखाली सुकायला ठेवला. ही त्यांची भट्टी!

आणि ज्यासाठी मी हे एवढं टाइप करतेय ते पुढे. ट्रान्सफॉर्मर बसवून झाल्यावर त्यांनी ईएल ८४ च्या कॅथोडला (व्हॉल्व्हचा करंट कळतो तो पाय) मीटर लावला, ७ च्या आसपास हवे होते तिथे ११ व्होल्ट. १३५ ओमच्या रेझिस्टरवर ११ म्हणजे ८० मिलिअँपिअर. कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) लीक होता, तो डीसी ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, उतरत होता, व्हॉल्व्ह सुसाट आणि ट्रान्सफॉर्मर भाजत. आधीच्याने हे बघितलंच नाही, म्हणजे त्याचं वाइंडिंग चांगलं असतं तरी परत गेलंच असतं. कंडेन्सर बदलला, ७.२ आले, तेव्हाच काकांनी रेडिओ माझ्या हातात दिला.

आता तक्रारी. चार दिवस सांगून १७ दिवस लावले, दरवेळी "वार्निश सुकलं नाही ताई, पाऊस बघताय ना". बिल नाही, जीपे नाही, रोख २,२०० (कंडेन्सर धरून). बसायला एक स्टूल आणि त्यावर बहुतेक वेळा मांजर. प्रश्न जास्त विचारले की चिडतात, पण चिडून उत्तर मात्र पूर्ण देतात.

घरी आणल्यावर मागच्या पिकअपच्या (रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या) भोकात मोबाईल जोडून भीमसेन लावले, तंबोरा पहिल्यांदा खालून ऐकू आला. मोबाईल जोडायचा असेल तर आधी व्हॉल्व्हचं नाव वाचा, यूएल ८४ किंवा यूसीएल ८२ असे यू-वाले असतील तर चॅसिस (आतला पत्रा) डायरेक्ट मेनला असू शकते, शॉक बसेल, तिथे हात घालू नका. आणि स्पीकर काढून रेडिओ कधी वाजवू नका, लोड नसला की प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फाटतं, काकांनी हे मला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा जिन्यावरून ओरडून.

दुपारी १ ते ३ जाऊ नका, जेवून तिथेच बाकावर झोपलेले असतात.