मागे पोर्ट की पुढे? दहा बाय बाराच्या खोलीतले टॉवर स्पीकर

टॉवर स्पीकरच्या दोन जोड्या माझ्या घरात नांदून झाल्यात. एक विकली, दुसरी ठेवली. किंमत उन्नीस-बीस, अँप, म्हणजे अँप्लिफायर, तोच जुना पंचवीस वॉटचा. खोली जुळे सोलापुरात असते तशी, दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी.

पहिल्या जोडीचं पोर्ट, म्हणजे बेससाठी खोक्याला ठेवलेलं भोक, मागच्या बाजूला. पुण्यात ऐकली तेव्हा तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या कळत होत्या. त्या बाबतीत ती आजही सरस, हे कबूल. पण शोरूममध्ये ती भिंतीपासून चांगली चार फूट पुढे होती, तिकडे तेव्हा लक्ष कुणाचं? घरी वीतभर अंतरावर ठेवली आणि डग्गा खोलीभर लोळायला लागला. बारा फुटांची खोली साधारण ४७ हर्ट्झला आपणहून घुमते, त्यात मागे भिंत आणि पोर्टचं तोंड तिकडेच. भिंतीवर आपली सोलापुरी चादर टांगली. टाळीचा खणखणाट कमी झाला, बेस मात्र ढिम्म. ४७ हर्ट्झच्या चोवीस फुटी लाटेला चादर काय अडवणार! मग पोर्टात टॉवेल कोंबले, तेही इथलेच. घुमारा गेला, सोबत डग्ग्याचा जीवही गेला.

अडीच फूट पुढे ओढले की वाजायचे झकास, पण लोखंडी कपाटाचं दार अडायचं. म्हणून रोज जेवणं झाली की बावीस किलोचा एकेक स्पीकर खडूच्या खुणेपर्यंत ओढायचा आणि ऐकून झालं की परत ढकलायचा. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून स्पाइकखाली, म्हणजे स्पीकरच्या टोकदार पायांखाली, रुपयाची नाणी ठेवलेली, ती दर खेपेला निसटायची. आतून आवाज यायचा, ‘‘अहो, गाणं ऐकताय की घर बदलताय?’’ महिनाभरात मी ऐकणंच टाळायला लागलो.

दुसरीचं पोर्ट पुढे. त्यानं खोलीचा घुमारा जातो असं नाही, जाणकार तसं सांगतील आणि ते बरोबरच आहे. तिचा बेस मुळात हात राखून आहे, म्हणून वीतभर अंतरावरही निभतं. तंबोरा तितका उलगडत नाही, व्हायोलिन मला किंचित कोरडं वाटतं.

उन्हाळ्यात मात्र तिचा एक फायदा कळला. ठरावीक ताकदीला स्पीकर किती आवाज देतो, तो आकडा कागदावर पहिलीचा ८७ डेसिबल, हिचा ९०. म्हणजे तेवढ्याच आवाजाला अँपची निम्मी ताकद पुरते. मे महिन्यात पारा ४३ वर आणि पंखा पाचवर असताना, माझ्या एवढ्याशा अँपला ते बरं पडतं.

तुमचा हॉल मोठा असेल आणि स्पीकर कायमचे तीन फूट पुढे राहणार असतील, तर पहिल्या जातीची जरूर ऐका, कदाचित मलाच वेड्यात काढाल. नाहीतर निघण्याआधी टेपनं घरातली जागा मोजा आणि दुकानातही स्पीकर तेवढेच मागे सरकवून ऐकवा म्हणा. दुकानदार जरा कुरकुरेल.