घरच्यांसोबत काय बघायचं? कुलूप, आकडे आणि वही : ८ महिन्यांचा अनुभव

आमच्या रिमोटवरचं पहिलं झिजलेलं बटण म्हणजे 'पुढे ढकला'. पडद्यावर काही अवघड सुरू झालं की नवरा ते दाबायचा, सासूबाई पाणी प्यायला उठायच्या, १३ वर्षांचा मुलगा छताकडे बघत बसायचा आणि ८ वर्षांची मुलगी मोठ्याने विचारायची, "पुढे का ढकललं?" ८ महिन्यांपूर्वी ठरवलं की ही ढकलाढकली बघायला बसण्याआधीच उरकायची. तेव्हापासून जे जे वापरून पाहिलं त्याचा हा हिशेब. घर तीन पिढ्यांचं, टीव्ही एक, स्ट्रीमिंग सेवा दोन. घराघरात गणित वेगळं असतं, त्यामुळे आमचं उत्तर जसंच्या तसं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

सुरुवात प्रोफाइल आणि पिनपासून केली. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल, मुलीचं 'किड्स', मुलाच्या प्रोफाइलला १३+ ची मर्यादा, आमच्या दोघांच्या प्रोफाइलला ४ आकड्यांचा पिन. अर्ध्या तासाचं काम. पहिल्याच आठवड्यात पिन फुटला, कारण तो टीव्हीच्या पडद्यावर बाणाची बटणं दाबून टाकावा लागतो आणि सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाला बाण कुठे फिरतोय ते दिसतं. मुलाने तो कधी वापरला नाही असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवला आणि पिन बदलला. आता तो टाकताना सगळ्यांना तोंडं फिरवायला लावते, एखाद्या दुकानात कार्डाचा पिन टाकावा तसं.

सासूबाईंचं वेगळंच झालं. नात शेवटची ज्या प्रोफाइलमध्ये होती त्यातच त्या तीन दिवस अडकल्या. त्यांची मालिका सापडेना, तेव्हा ती बंद पडली असावी असं समजून त्या मुकाट्याने बोलक्या प्राण्यांची कार्टून बघत बसल्या. चौथ्या दिवशी विचारलं, "हे सगळे सारखे ओरडतात का गं?" हा प्रश्न पुढे आम्हाला कामी आला. 'किड्स' प्रोफाइलमधल्या बऱ्याच गोष्टींत आक्षेपार्ह काही नसतं, हे खरं. पण म्हणून त्यात चांगलंही काही असतं असं नाही. दर दीड सेकंदाला दृश्य बदलतं, सगळे किंचाळतात आणि शेवटी कोणीतरी काहीतरी जिंकतं.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या सेटिंगचा. यादीवरून बाण फिरवला की आपोआप सुरू होणारी झलक आणि एक भाग संपला की लगेच सुरू होणारा पुढचा भाग, दोन्ही बंद केलं. काही सेवांमध्ये ही सोय टीव्हीवर सापडत नाही, ब्राउझरमधून खात्यात जाऊन शोधावी लागते. पण तेवढा खटाटोप कराच. आमच्याकडे अवघडलेले निम्मे प्रसंग सिनेमातून आलेच नव्हते. "काय लावू या" म्हणून यादी चाळताना झलक सुरू व्हायची, तिथून ते यायचे.

मग वयाच्या आकड्यांकडे वळले. भारतात २०२१ च्या नियमांनुसार स्ट्रीमिंगवरच्या कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग द्यावे लागतात, आणि १३+ पासून वरच्या सगळ्यांना पालकांचं कुलूप लावता येईल अशी सोय ठेवावी लागते. सिनेमाच्या प्रमाणपत्रातही २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूएचे असेच तीन तुकडे झाले. आकड्याशेजारी बारीक अक्षरात हिंसा, भाषा, नशा असे शब्द येतात. मी वर्षानुवर्षं फक्त आकडा वाचत होते. खरी माहिती त्या बारीक अक्षरांत असते. १३+ भुताच्या भीतीमुळे मिळालंय, शिव्यांमुळे की शरीरसंबंधाच्या उल्लेखामुळे, यावर आमच्या घरातला निर्णय पूर्ण बदलतो. मुलगी रक्त बघून घाबरत नाही, पण आई हरवलेलं पिल्लू दिसलं की तिला दोन रात्री झोप नसते.

आकडा कोणी दिलाय तेही बघायला लागले, कारण प्रत्येक देशाची काळजी निराळी. अमेरिकेत एक विशिष्ट शिवी एकदा आली तर सिनेमा पीजी-१३ मध्ये (१३ खालच्यांबाबत पालकांना जास्त सावध करणारा वर्ग) राहू शकतो, त्याहून जास्त वेळा आली तर तो सहसा आर वर्गात (१७ खालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा) जातो. तिथला पीजी-१३ हा वर्गही १९८४ मध्ये आला, कारण त्याहून सौम्य अशा पीजी वर्गात दाखवलेल्या काही सिनेमांतली हिंसा पालकांना मुलांसाठी जास्त वाटली होती. स्वीडनमध्ये वरची मर्यादा १५ वर संपते आणि तिथे नैतिकतेचा विचार होत नाही. मुलाच्या मनाला इजा होईल का, एवढंच पाहतात. म्हणजे पडद्यावरचा आकडा आपल्या घराची मूल्यं पाहून दिलेला नसतो. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तिसरा महिना उजाडला.

त्यानंतर तपशीलवार माहिती देणारी ठिकाणं वापरायला लागले आणि आजही ती वापरते. ब्रिटनचं वर्गीकरण मंडळ, बीबीएफसी, प्रत्येक सिनेमाला तो वर्ग का दिला हे चार ओळींत लिहितं. भाषा कोरडी, सरकारी, पण नेमकी. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच. किड्स-इन-माइंड नावाची साइट कामुकता, हिंसा आणि भाषा यांना ० ते १० असे तीन वेगवेगळे आकडे देते आणि खाली अक्षरशः प्रत्येक ठोसा मोजून लिहिते. कॉमन सेन्स मीडियावर सिनेमातून चांगलं काय मिळतं, अनुकरण करावं अशी पात्रं आहेत का, याचेही वेगळे रकाने असतात. आणि आयएमडीबीवरचं पालकांसाठीचं पान प्रेक्षकच भरतात, सौम्य ते तीव्र अशा पायऱ्यांनी.

तोटे दोन. एक, ही पानं वाचली की कथा फुटते. म्हणून वाचण्याचं काम घरात एकट्या माझ्याकडे आहे आणि तेव्हापासून मला कुठल्याही सिनेमाचा शेवट पाहून धक्का बसलेला नाही. दुसरा जास्त गंभीर. मराठी सिनेमे, जुने सिनेमे, प्रादेशिक मालिका यांची पानं बहुतेक वेळा रिकामी असतात. मी एकदा रिकामं पान म्हणजे 'आक्षेपार्ह काही नाही' असं समजले. प्रत्यक्षात ते पान कोणी भरलंच नव्हतं. ती संध्याकाळ विसाव्या मिनिटाला आटोपली.

मध्ये तीन आठवडे शिव्या आपोआप गप्प करणारं ब्राउझरचं एक साधनही वापरलं. घरात बघताना सिनेमाचा काही भाग गाळायला किंवा मुका करायला अमेरिकेत २००५ च्या कायद्याने मुभा आहे, त्यामुळे तिकडे अशी साधनं बरीच निघाली. आम्ही घेतलेलं साधन इंग्रजी सबटायटल वाचून आवाज बंद करत होतं. मराठी-हिंदी त्याला कळत नव्हती. शिवाय आवाज गेला की मुलगा गाळलेली जागा भरायचा, त्याच्याकडचा शब्दसाठा किती मोठा आहे ते मला तेव्हा समजलं. काढून टाकलं.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसले तो. पाचव्या महिन्यात एक विनोदी सिनेमा लावला. यू/ए ७+. सगळी पानं तपासली होती. शिवी नाही, रक्त नाही, चुंबन नाही, दारू नाही. त्यात नायकाचा एक मित्र बोलताना अडखळतो. तो तोंड उघडतो तेव्हा मागे एक गमतीशीर आवाज वाजतो, इतर पात्रं त्याचं वाक्य पूर्ण करतात आणि पडद्यावरचे सगळे हसतात. आम्हीही हसलो. दोन दिवसांनी मुलीने जेवताना आनंदाने सांगितलं की त्यांच्या वर्गात असाच एक मुलगा आहे, तो बोलला की ती आणि तिच्या मैत्रिणी तो आवाज काढतात. तिला यात काही चुकतंय याची कल्पनाच नव्हती. का असावी? आई-बाबा-आजी सगळे हसले होते की.

त्या रात्री मी तीच पानं पुन्हा उघडली. भाषेच्या रकान्यात 'काही नाही'. हिंसा 'सौम्य'. ही पानं काय येतं ते मोजतात. जे येतं त्याकडे सिनेमा कोणत्या नजरेने बघतो, ते मोजणं त्यांच्या कामात बसत नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नेदरलँड्सच्या किकवायझर या वर्गीकरणाच्या पद्धतीत वयासोबत जी चित्रं असतात, त्यांत हिंसा, भीती वगैरेंबरोबर भेदभावाचंही एक चित्र आहे. आपल्याकडे ते असतं तर या सिनेमावर लागलं असतं का, सांगता येत नाही.

मग वही आली. साधी, २०० पानी, टीव्हीखालच्या खणात. बघून झालं की चौघांचे चार प्रश्न. माझा : हसू कोणाला बघून आलं? नवऱ्याचा : खोटं बोलणाऱ्याचं शेवटी काय झालं? सासूबाईंचा : घरातलं म्हातारं माणूस कथेत कशासाठी ठेवलंय? (उत्तर बहुतेक वेळा 'मरण्यासाठी' असं येतं आणि त्या ते चवीने लिहून घेतात.) मुलाने आधी नाक मुरडलं, मग स्वतःचा दिला : व्हिलन तसा का झाला ते सांगितलंय का? मुलगी चांदण्या काढते. पाचपैकी.

वहीमुळे मूल्यं या शब्दावरून घरात खरी भांडणं सुरू झाली, आणि ती मला वाईट वाटली नाहीत. मुलं आई-बापांना उलटून बोलतात असं काही दिसलं की सासूबाईंचा विरोध, मला ते चालतं. उलट त्यांनी आग्रहाने लावलेला त्यांच्या तरुणपणीचा एक 'यू' सिनेमा मला अर्ध्यात थांबवावासा वाटला. नायिका तीनदा नाही म्हणते, नायक गाणं म्हणत तिच्या मागे मागे फिरतो, चौथ्यांदा ती लाजते. प्रमाणपत्र ज्या काळात मिळालं त्या काळाचं असतं. मुलाने वहीत लिहिलं, "ती तीन वेळा नाही म्हणाली. मोजलं." सासूबाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आम्हाला तेव्हा गाणंच ऐकू यायचं."

आणि ज्याला मी तीन महिने कुलपात ठेवलं होतं, तो एका बापाच्या मरणानंतर घर सावरणाऱ्या दोन भावंडांचा १३+ सिनेमा या ८ महिन्यांतला आमचा सर्वांत चांगला सिनेमा ठरला. दोन शिव्या आहेत, धूम्रपान आहे. मुलगी झोपल्यावर चौघांनी पाहिला आणि कोणी बटणाला हात लावला नाही.

मालिकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांत आम्ही अजून चाचपडतोय. पूर्ण मालिकेवर कित्येकदा एकच आकडा असतो, आणि पहिल्या सीझनची गोडी तिसऱ्यात राहील याची खात्री नसते. आम्ही नव्या सीझनचा पहिला आणि शेवटचा भाग आधी दोघं बघतो. वेळखाऊ आहे. निसर्गपट सुरक्षित असतात या समजातही राहू नका, शिकारीच्या दृश्यानंतरचं रडणं आम्ही अनुभवलंय. पण तिथे मी ढकलत नाही, थांबवते आणि बोलते.

आज चालू काय आहे? प्रोफाइल आणि पिन चालू. झलक बंद. नवं काही लावायचं असेल तर आकड्याशेजारची बारीक अक्षरं, मग बीबीएफसीचं पान, तिथे नसेल तर मी स्वतः पहिला अर्धा तास आधी बघते. वही चालू, पण दर वेळी भरली जातेच असं नाही.

जे सुटलंच नाही ते मोबाइलवरचं. टीव्हीवर १६+ म्हणून कुलपात असलेल्या सिनेमातलाच प्रसंग अर्ध्या मिनिटाचा तुकडा होऊन मुलाच्या फोनवर येतो. त्याला ना आकडा, ना बारीक अक्षरं, ना आधी-नंतरची कथा. मागच्या आठवड्यात त्याने स्वतःहून असा एक तुकडा दाखवला आणि विचारलं, "हा माणूस हिला मारतोय ते सिनेमाला बरोबर वाटतं की चूक?" तुकड्यावरून मला सांगता आलं नाही. त्या सिनेमाचं नाव वहीत लिहून ठेवलंय, शनिवारी मी आधी एकटी बघणार आहे.