क्यूबिटटॉरेंट आठ महिने वापरून: टॉरेंट म्हणजे काय ते मला आत्ता कुठे कळलं

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही, अकाउंट्सचं काम करतो. टॉरेंट म्हटलं की मला हॉस्टेलमधला रूममेट आठवायचा, रात्रभर घरघरणारा पीसी आणि सकाळी फुकटात उतरलेला पिक्चर. म्हणजे चोरीचाच मामला असं डोक्यात पक्कं होतं. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, टाकायचं ठरलं तेव्हा फाइल निघाली जवळपास ६ जीबीची, आणि आमच्याकडे संध्याकाळी नेट दर अर्ध्या तासाला डुलकी काढतं. ब्राउझरमधून दोनदा ८० टक्क्यांच्या पुढे जाऊन फेल. शेवटी भाचाच म्हणाला, मामा टॉरेंटने घ्या ना, उबुंटूच्याच साइटवर दिलंय. बघितलं तर खरंच होतं, डेबियन (उबुंटूसारखीच फुकट सिस्टिम), लिब्रेऑफिस (फुकट ऑफिस सॉफ्टवेअर), इंटरनेट आर्काइव्ह (जुनी पुस्तकं, पिक्चर जपणारी साइट) सगळेच अधिकृतपणे टॉरेंट देतात. त्या रात्री दोनदा नेट गेलं, एकदा लाइट गेली, आणि तरी फाइल जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू झाली. टॉरेंट उतरवायला मी जे सॉफ्टवेअर घेतलं ते क्यूबिटटॉरेंट, तिथून मी त्याच्या नादी लागलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत.

आता हे चालतं कसं. मी मला समजलं तसं सांगतो. कॉलेजात एकाच पोराकडे चांगल्या नोट्स असायच्या आणि परीक्षेआधी साठ जण त्याच्या मागे. सगळ्यांनी त्याच्याचकडून अख्खी वही झेरॉक्स करायची म्हटलं तर दुकानासमोर रांग लागणार, साधं डाउनलोड म्हणजे ती रांग. त्याऐवजी त्याने प्रत्येकाला वेगवेगळी दोन-दोन पानं दिली आणि म्हणाला आता आपापसात बघा, तर तासाभरात वर्गात सगळ्यांकडे वही. ब्रॅम कोहेन नावाच्या माणसाने २००१ मध्ये बिटटॉरेंट काढलं ते साधारण हेच. फाइलचे तुकडे पाडतात, माझ्या उबुंटूचे २० हजारांच्या वर होते, आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसा म्हणा, टॉरेंट फाइलमध्ये, म्हणजे साइटवरून आधी घ्यायच्या छोट्या यादीवजा फाइलमध्ये, आधीच लिहिलेला असतो. कोणी खराब तुकडा दिला तर ठसा जुळत नाही, तो टाकून दुसऱ्याकडून घेतला जातो. फक्त एक लक्षात ठेवा, ठसा जुळला म्हणजे तुकडा टॉरेंट बनवणाऱ्याने दिला तसाच आला एवढंच, मूळ फाइलच व्हायरसवाली असेल तर व्हायरससुद्धा न तुटता-फुटता येतो. म्हणून टॉरेंट किंवा मॅग्नेट लिंक (टॉरेंट फाइलऐवजी चालणारी लिंक) त्या-त्या अधिकृत साइटवरूनच घ्यायची.

कोणाकडे काय आहे हे कळतं कसं, तर ट्रॅकर नावाचा सर्व्हर फक्त पत्ते देतो, फाइल त्याच्याकडे नसतेच. ट्रॅकर बंद पडला तरी डीएचटी असतं, त्यात सगळे मिळून ती पत्त्यांची वही सांभाळतात.

स्क्रीनवरचे आकडे मात्र पहिला महिनाभर मला कळलेच नाहीत. सीड्स, म्हणजे पूर्ण फाइल असलेले आणि ती वाटणारे, ३१ (१२०४) असं दिसायचं, मला वाटायचं हजारावर लोक देतायत तरी स्पीड एवढाच का. तर बाहेरचा आकडा म्हणजे आत्ता जोडलेले, कंसातला म्हणजे एकूण. आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साधारण १२ एमबी, १०० नव्हे, हे तर लाज वाटावी इतकं उशिरा कळलं, अकाउंट्सवाला असून.

खरा धडा मिळाला तो दुसऱ्या एका जुन्या नेटबुकच्या वेळी. त्याला ३२ बिटची (जुन्या मशीनवर चालणारी) इमेज, म्हणजे सिस्टिम टाकायची फाइल, लागत होती, जुनी, कोणी विचारत नसलेली. ९९.२ टक्क्यांवर येऊन जी अडकली ती अकरा दिवस. मी रिस्टार्ट केलं, रीचेक केलं, शेवटी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग अव्हेलेबिलिटीचा कॉलम बघितला, ०.९९२. म्हणजे जोडलेल्या सगळ्यांचं मिळूनसुद्धा एक पूर्ण कॉपी होत नव्हती! नोट्सवाला पोरगा सदतिसावं पान न देताच गावाला गेला आणि अख्खा वर्ग त्या एका पानासाठी बसलाय, तसं. हे होऊ नये म्हणूनच सॉफ्टवेअर ज्या तुकड्याच्या कॉप्या सगळ्यात कमी तो आधी उचलतं, पण देणाराच उठून गेला तर ते तरी काय करणार. बाराव्या दिवशी रात्री कोणीतरी पोलंडचा झेंडावाला आला, दोन मिनिटांत १०० टक्के. तेव्हापासून ती इमेज मी काढलेली नाही, दुसऱ्यांना देत राहतो, रेशो आता २.४ आहे, म्हणजे घेतलं त्याच्या २.४ पट दिलं.

तोपर्यंत माझं गणित उलटं होतं, काम झालं की टॉरेंट डिलीट. आणि नेट वाचवायचं म्हणून अपलोड मी अगदी नावापुरता ठेवलेला, त्यामुळे डाउनलोडपण रडायचा. कारण समोरचा बघतो याने मला किती दिलं, जे जास्त देतात त्या थोड्या लोकांनाच तो देत राहतो. दर अर्ध्या मिनिटाला एखाद्या अनोळख्याला उगाच संधी देतो, म्हणून नव्याचं खातं तरी उघडतं. देवाणघेवाण अक्षरशः.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो, अपलोडला लिमिटच ठेवली नाही. बायकोची ऑफिसची मीटिंग चालू, तिचा चेहरा तिकडे गोठलेला, आणि मी आतल्या खोलीत परदेशातल्या लोकांना उबुंटू वाटतोय. अपलोड भरला की बाकी सगळंच लटकतं. आता लाइनचा जेवढा अपलोड आहे त्याच्या ७० टक्क्यांवर लिमिट, आणि दिवसा शेड्यूलरने (ठरलेल्या वेळी लिमिट आपोआप बदलणारी सोय) त्याहून कमी. घरात शांतता आहे.

पीअर्सच्या (म्हणजे जोडलेल्या बाकी लोकांच्या) टॅबमध्ये सगळ्यांचे आयपी, म्हणजे नेटवरचे पत्ते, दिसतात, म्हणजे तुमचाही सगळ्यांना दिसतो. लपून काही होत नाही. नवीन पिक्चर-सिरीज याच्यावर घेणाऱ्यांनी हे समजून घ्यावं, तिथे डाउनलोड करता करता तुम्ही वाटपही करत असता. मी त्या भानगडीत नाही.

एक दुखणं राहिलंच. खालचा कनेक्शनचा आयकॉन माझ्याकडे कधी हिरवा होत नाही, म्हणजे बाहेरून कोणी माझ्याशी थेट जोडू शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून येणाऱ्यांसाठी दार उघडलं), दोन रविवार घालवले, मग राउटरचा वॅन आयपी (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघितला तर १०० पासून सुरू होणारा, १००.७० काहीतरी. म्हणजे नेटवाल्याने अनेक गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या आयपीमागे बसवलीत, बाहेरून कोणी माझं दार वाजवू शकत नाही, मीच जाऊन वाजवायचं. त्याने डाउनलोड अडत नाही, पण कमी लोक असलेल्या टॉरेंटला सीडिंग, म्हणजे उतरलेली फाइल दुसऱ्यांना देणं, रखडतं. नेटवाल्याला फोन केला तर म्हणाला स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या, महिन्याला वेगळे पैसे पडतील. बायकोने नुसतं बघितलं माझ्याकडे, मी म्हटलं राहू दे.