फोमचं विमान दुरुस्त होऊन आलं की उडवण्याआधी उघडून बघा

फोमचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान नवशिक्याच्या हातून पडतं ते बहुतेक वेळा नाकावर. वळताना वेग कमी होतो, विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, एका पंखावर कलंडतं, आणि ते खाली यायला लागलं की हात आपोआप ट्रान्समीटरची (रिमोटची) स्टिक मागे ओढतो. वेग परत मिळवायला खरं तर ती क्षणभर सैल सोडावी लागते. माझं पहिलं विमान असंच गेलं. नाक मोटर-माउंटसकट तुटलं, एका पंखाला मुळाशी तडा गेला, प्रॉपेलरचे तुकडे झाले. शिकणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. त्यानंतर दुरुस्तीच्या नावाखाली जे झालं ते मात्र कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

आरसी मॉडेल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे मी ते विमान दिलं. ‘नव्यासारखं करून देतो’ ही त्याची ख्याती. त्याने विमान हातात घेऊन एकेक गोष्ट सांगितली: नाक जोडण्यापलीकडे गेलंय, नवीन बसवावं लागेल, पंखातली कार्बनची नळी तुटलीय, ती बदलायची, मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) वाकलाय, मोटर नवीन, बॅटरी फुगायला लागलीय, ती घरी नेऊ नका, माझ्याकडेच राहू द्या, मी विल्हेवाट लावतो.

यातलं काहीच अशक्य नव्हतं, आणि म्हणूनच ते पटलं. नाकावर आदळलेल्या विमानाचा शाफ्ट खरंच वाकतो. कार्बनची नळी वरून धड दिसते आणि आतून चिरलेली असते. मार बसलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते, म्हणून ती वेगळी, न जळणाऱ्या जागी ठेवून तिच्यावर नजर ठेवायची असते. लबाड माणूस खोटी भीती घालत बसत नाही. होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टी तो झालेल्या म्हणून सांगतो आणि प्रत्येकीचे पैसे लावतो.

विमान परत आलं ते देखणं होऊन. नाकाला ताजा रंग, त्यावर पट्ट्यांचे स्टिकर, पंखाच्या मुळाशी नीट बसवलेली रुंद टेप. त्याने माझ्यासमोर पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलून दाखवलं. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, अगदी खुणेवर. नवीन नाक, नवीन नळी, नवीन मोटर, सगळ्याचे पैसे त्याने घेतले. जुने भाग मागितले तर म्हणाला, ‘ते टाकून दिले, काय करायचेत तुम्हाला?’

मैदानावर आम्हाला शिकवणारे एक काका आहेत. दुरुस्त झालेलं विमान आधी स्वतः उडवून बघितल्याशिवाय ते शिकणाऱ्याच्या हातात देत नाहीत. त्यांनी माझं विमान उचललं आणि लगेच म्हणाले, ‘हे आधी एवढं जड होतं का गं?’ नव्हतं. विमान नवीन जोडलं तेव्हा पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी मी त्याचं वजन केलं होतं: बॅटरीसकट ७२० ग्रॅम. आता काट्यावर ८०५ भरलं. काकांनी ट्रान्समीटर बाजूला ठेवला. ‘आज उडवायचं नाही. आधी हे उघडू या.’ टेप काढण्याआधी त्यांनी मला मोबाइलवर चित्रीकरण सुरू करायला लावलं. ते पुढे फार कामी आलं.

रंगाखाली माझंच जुनं नाक होतं. तुकडे जसेच्या तसे जुळवून मधल्या फटींत हॉट ग्लूचे गोळे ओतलेले. हॉट ग्लू गार फोमला लागताच थिजतो, त्यामुळे जोड पूर्ण मिटत नाही आणि राहिलेली फट भरायला आणखी ग्लू लागतो. नाकातून जवळजवळ ६० ग्रॅम ग्लू निघाला. सीजीपासून २० सेंटिमीटर पुढे एवढं वजन आल्यावर विमान नाकाकडे झुकणारच. ते लपवायला त्याने सीजीपासून ५० सेंटिमीटर मागे, शेपटीच्या पोटात, शिशाचा तुकडा दडवला होता. २४ ग्रॅमचा. ६० गुणिले २० म्हणजे १२००, आणि २४ गुणिले ५० म्हणजेही १२००. दोन बोटांवरचा तो तोल असा जुळवून आणलेला होता. सीजी बरोबर असणं आणि विमान बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकले.

वजन जवळपास १२ टक्के वाढलं की स्टॉलचा वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आकडा लहान वाटतो. पण ज्याला आधीच हळू उडताना विमान सावरता येत नाही, त्याच्यासाठी उतरतानाची सगळी सवलत यात संपते.

पंखाचं पाहून मात्र काकाही गप्प झाले. नळी तुटलेलीच होती. दोन तुकड्यांच्या आत एक लाकडी काडी सरकवून वरून ग्लू लावला होता, आणि त्या देखण्या रुंद टेपने सगळं झाकलं होतं. पंखांची उचल विमानाच्या मधोमध येऊन मिळते ती याच जागी. सरळ उडताना कदाचित निभावलं असतं. वळण जरा तीव्र झालं, किंवा खाली झेपावलेलं विमान वर ओढलं, की हा भार कित्येक पट होतो. तिथे पंख हवेतच मिटला असता आणि फिरत्या प्रॉपेलरसकट विमान कुणाच्याही अंगावर आलं असतं.

मोटर नवीन नव्हतीच, आणि माझीही नव्हती. स्क्रूंची डोकी झिजलेली, हाताने फिरवली की बेअरिंगमधून खरखर. शिवाय ती बसवली होती वाकडी. शिकण्यासाठीच्या बऱ्याच (ट्रेनर) विमानांत मोटर मुद्दाम दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे झुकवलेली असते, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवल्यावर नाक वर आणि डावीकडे पळत नाही. इथे ती चक्क वर बघत होती.

माझी मूळ मोटर ठीक असणार असं मला ठामपणे वाटतं. पडल्यावर मी प्रॉपेलर काढून ती हाताने फिरवून पाहिली होती आणि शाफ्टचं टोक जराही हेलकावत नव्हतं. बॅटरीही चेकरवर पाहिली होती. तिन्ही सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांच्या बरोबरीने होते, आणि कुठे फुगवटा नव्हता. दोन्ही चांगल्या वस्तू त्याच्याकडेच राहिल्या.

या फसवणुकीचा सगळा भरवसा नवशिक्या पुन्हा विमान पाडणार यावर आहे. दुसऱ्या क्रॅशमध्ये जुना जोड, काडी, ग्लू सगळं एकत्र चुरा होऊन जातं आणि पुरावा उरत नाही. विमान वर का उसळलं, पंख का मिटला, हे शिकणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. काही जण एवढ्यावर छंदच सोडून देतात. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. पैसे पुन्हा मिळवता येतात. ‘आपला हातच वाईट’ हे एकदा मनात बसलं की ते काढायला फार वेळ लागतो.

आम्ही त्याला फोटो पाठवले तेव्हा त्याने नेमकं हेच उत्तर दिलं: ‘तुम्ही परत आपटलंत, त्याला मी काय करणार?’ विमान उडालंच नव्हतं. अखंड टेपपासून सुरू होणारं चित्रीकरण पाठवल्यावर बोलणं फिरलं, ‘फोमच्या कामाला गॅरंटी नसते’ असं झालं, आणि मग उत्तरं येणं थांबलं. पैसे मिळाले नाहीत.

ते विमान मग काकांच्या देखरेखीखाली मी स्वतः दुरुस्त केलं. ते इतकं सरळ काम निघालं की प्रत्येक नवशिक्याने एकदा तरी करावं असं मला वाटतं. पडल्यावर तुकडे गोळा करा, अगदी चिमटीत मावणारेसुद्धा, कारण मूळ तुकडा बसला की फिलर लागत नाही. तुमचा फोम कोणता ते आधी ओळखा. माझा ईपीओ होता. दबलेल्या, चुरगळलेल्या ईपीओवर आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स काढून उकळतं पाणी ओतलं की दाबलेले दाणे पुन्हा फुगतात आणि नाकाचा आकार बराचसा परत येतो. फार वेळ उष्णता दिली तर पृष्ठभाग खडबडीत होतो, एवढं सांभाळायचं. ईपीओला साधा सुपर ग्लूही चालतो, पण थर्माकोलला तो खाऊन टाकतो, तिथे फोमसाठीचा वेगळा सुपर ग्लू घ्यावा लागतो. ईपीपी हा तिसरा फोम लवचीक असतो, त्यावर कडक जोड चिरतो, म्हणून वाळल्यावरही लवचीक राहणारा कॉन्टॅक्ट ग्लू बरा. नाकासाठी आम्ही पॉलियुरेथेन ग्लू वापरला. एका बाजूला पातळ थर, दुसरी बाजू किंचित ओली, आणि वरून टेपने घट्ट बांधून रात्रभर. तो ओलाव्याने फेसाळत फटी भरतो आणि वजन जवळजवळ वाढवत नाही. बांधलं नाही तर मात्र तोच फेस जोड उघडतो. मोटर-माउंटच्या प्लायला इपॉक्सी. नळी अखंड, नवीन. हॉट ग्लू कुठेच नाही, कारण बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या विमानात तो मऊ पडतो.

दुसऱ्याकडे देणं भाग असेल तर मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रिसीव्हर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरी काढून घ्या, नुसता सांगाडा द्या. मोटर द्यावीच लागली तर तिच्यावर आडजागी खूण करून फोटो काढा. सांगाड्याचं वजन त्याच्यासमोर करा आणि कागदावर लिहून घ्या. बदललेला प्रत्येक भाग, तुटका का असेना, परत हवा असं आधीच सांगा. यावर जो कुरकुर करतो त्याच्याकडे देऊ नका. प्रामाणिक कारागिराला यात काहीच जड जात नाही. काकांच्या ओळखीचे एक जण तर जुना भाग पिशवीत घालून, कुठे तुटला होता ते दाखवून देतात.

आणि ज्यांच्याकडे असं दुरुस्त होऊन आलेलं विमान आत्ता तयार आहे, त्यांनी पुढच्या उड्डाणाआधी ते काट्यावर ठेवा. पंख काढून नळी बाहेर ओढा, ती एका तुकड्यात यायला हवी. जिथे नळी चिकटवलेली असते तिथे बॅटरीसकट विमान पंखांच्या दोन टोकांना धरून हलकेच उचला आणि मुळाशी कान द्या. करकर आली, किंवा एकच जागा कोन करून वाकली, तर टेप उघडा. मोबाइलचं चित्रीकरण सुरू करून मगच.