पायथॉनचं डेटटाइम, केळीच्या काट्यावर वापरून बघितलं: चार स्टार

रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या रात्री-बेरात्री भरतात, काट्यावर वजन पहाटे दोनलाही होतं, आणि भाव रोजचा वेगळा म्हणून पावतीवर तारीख-वेळ बरोबर पडणं फार गरजेचं. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रीच्या गाडीला कालची तारीख पडायची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिकडे कालचाच दिवस चालू असतो भो, शेतकऱ्याने कोणाशी भांडायचं?

आता पायथॉन या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये, तिचं तारीख-वेळेचं डेटटाइम मॉड्यूल घेऊन नवीन लिहिलं. टाइम.टाइम() म्हटलं की १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मिळतात, यूटीसीप्रमाणे, भुसावळात चालवा नाहीतर लंडनमध्ये, आकडा तोच. डेटाबेसमध्ये मी हाच ठेवतो. पावतीवर छापायला डेटटाइम.नाऊ() ला कंसात झोनइन्फोचा (टाइमझोन सांभाळणारं मॉड्यूल) 'एशिया/कोलकाता', म्हणजे भारताचा झोन, द्यायचा, मग वेळेच्या मागे +०५:३० लागूनच येतं, वाद संपला. झोनइन्फो पायथॉन ३.९ पासून सोबतच मिळतं, मला सगळ्यात आवडलं ते हेच.

एक स्टार कापला कारण कंस रिकामा ठेवला तरी नाऊ() गुपचूप चालतं आणि झोन नसलेली वेळ हातात देतं. यूटीसीनाऊ() तर त्याहून वाईट, नावात यूटीसी पण वेळेवर झोनचा शिक्काच नाही, त्याला पुढे टाइमस्टॅम्प() (वेळेचे १९७० पासूनचे सेकंद करून देणारं) लावलं की पायथॉन ती लोकल वेळ धरतो आणि आपल्या इकडच्या कॉम्प्युटरवर आकडा १९,८०० सेकंद मागे जातो. ३.१२ पासून त्यावर वॉर्निंग येते, बरं केलं, पण यूट्यूबच्या जुन्या व्हिडिओत अजून तेच शिकवतात, नवीन पोरांनी कॉपी करू नका.

विंडोजवाल्यांसाठी, आणि काट्यावर बहुतेक विंडोजच असतं: तिथे झोनची यादी नसते म्हणून झोनइन्फो एरर देतं. पिपने (पायथॉनची पॅकेजं टाकायचं टूल) टीझेडडेटा हे झोनच्या यादीचं पॅकेज टाकून घ्या, काट्यावर नेट नसेल तर घरूनच फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्या. आणि कॉम्प्युटरचं घड्याळच चुकीचं असेल तर कुठलीही लँग्वेज चुकीचीच वेळ देणार, तेव्हा मदरबोर्डचा सेल आधी तपासा, लाइट सारखी जाते तिथे तर नक्कीच.